'चार दिवस' संपले की संपली?

आमच्या घरात 'चार दिवस सासूचे' एकाच दिवशी संपले आणि संपली. २००१ साली ई टीव्ही मराठीवर सुरू झालेली ही मालिका २०१३ मध्ये बंद झाली, तेव्हा आई अडकित्त्यानं सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "झालं, चार दिवस सासूचे संपले." आणि स्वयंपाकघरातून आमच्यातली थोरली म्हणाली, "संपली एकदाची!" तीन हजारांहून जास्त भाग झाले होते. चार दिवस म्हणता म्हणता अकरा वर्षं. त्यामुळे दोघींच्या बोलण्यात सुटकेचा सूर सारखाच होता. क्रियापद मात्र वेगळं.

'दिवस' हा पुल्लिंगी शब्द, चार म्हटल्यावर अनेकवचन, म्हणून आईंचे दिवस 'संपले'. मालिका स्त्रीलिंगी, एकच, म्हणून थोरलीची 'संपली'. त्या दिवशी कुणी कुणाला सुधारलं नाही. पण तेव्हापासून आमचे कान या गोष्टीकडे लागले ते लागलेच.

आम्ही म्हणजे दोघी जावा. थोरली म्हसळ्याची, मराठी शाळेत शिकलेली. धाकटी भिवंडीची, उर्दू माध्यमाची. लग्न करून दिवेआगरात आलो, सुपारीची वाडी, पर्यटकांसाठी मागच्या अंगाला दोन खोल्या, असा आमचा संसार. आई म्हणजे आमच्या सासूबाई. या घरात जुन्या रिवाजानं आईला आईच म्हणतात, 'अम्मी' आमच्या मुलांपासून सुरू झालं. टीव्ही घरात असावा का, किती वेळ असावा, हा वाद इथे नको. मगरिबची अजान झाली की बंद आणि इशानंतर एखादी मालिका, हा आईंचा नियम, आणि तो अजून मोडलेला नाही.

तर, मालिकेचं नाव हे विशेषनाम. शाळेत शिकलो त्याप्रमाणे एका विशिष्ट व्यक्तीचं, गावाचं, नदीचं नाव ते विशेषनाम. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं तेव्हा अख्खं वाक्यच विशेषनाम होऊन घरात येईल आणि रोज साडेआठला लागेल, हे त्यांच्या ध्यानीमनीही नसणार. आधीच्या मालिकांची नावं सुटसुटीत होती. 'दामिनी', 'आभाळमाया', 'वादळवाट', 'अवंतिका'. नाव म्हणजे नाव. पुढे 'होणार सून मी ह्या घरची', 'एका लग्नाची दुसरी गोष्ट', 'माझ्या नवऱ्याची बायको', 'आई कुठे काय करते' अशी लांबलचक नावं आली. आणि मराठीची पंचाईत अशी की तिच्यात नाव नुसतं उभं राहू शकत नाही. 'लागली', 'लागला', 'लागलं' यातलं एक काहीतरी म्हणावंच लागतं. इंग्रजीत हा प्रश्न येत नाही, मराठीत तोंड उघडलं की येतो.

मग लिंग ठरवायचं कशावरून? आमच्या घरात याची तीन उत्तरं आहेत. थोरलीच्या मनात 'मालिका' हा शब्द बसलेला, तो तोंडावाटे येत नाही, पण क्रियापद त्याचंच ऐकतं. म्हणून 'रात्रीस खेळ चाले' लागली. त्या नावातला खेळ पुल्लिंगी आहे, याचं तिला काही नाही. धाकटीच्या मनात शब्द आहे 'ड्रामा'. २०१४ साली जिंदगी नावाची वाहिनी सुरू झाली आणि पाकिस्तानी मालिका आपल्याकडे दिसू लागल्या, तेव्हा ती म्हणायची, "'जिंदगी गुलजार है' लागला." जिंदगी स्त्रीलिंगी, पण ड्रामा पुल्लिंगी. यात तिचं काही चुकलं असं आम्हाला अजूनही वाटत नाही. मुलांच्या मनात 'शो' असतो, म्हणून त्यांचं सगळंच संपतं ते 'संपला'. आणि आईंच्या मनात असा कुठलाच चोरटा शब्द नाही. त्या नाव ऐकतात आणि नावात जे असेल त्याच्याशी क्रियापद जुळवतात. दिवस असतील तर संपले. महाभारत असेल तर लागलं.

हा लपलेला शब्द फक्त टीव्हीपुरता नाही. म्हसळ्याहून येणाऱ्या एसटीत कंडक्टर ओरडतो, "दिवेआगर आलं!" 'दिवे' म्हटल्यावर 'आले' व्हायला हवं होतं की. पण कुणी तसं म्हणत नाही, कारण मनात 'गाव' आहे आणि गाव नपुंसकलिंगी. श्रीवर्धन आलं, बोर्ली पंचतन आलं. मुंबई मात्र आली. तिथे नावाचा शेवटच इतका ठसठशीत की 'शहर' बिचारं मागे राहतं.

१९८८ साली दूरदर्शनवर गुलजार यांची 'मिर्झा गालिब' आली, नसीरुद्दीन शाह गालिब झाले होते. गावात तेव्हा टीव्ही मोजके, आणि आमच्या ओटीवर माणसं जमत. थोरली तेव्हा नवी नवरी. कुणीतरी पोरगा पळत येऊन म्हणाला, "गालिब लागली!" अब्बांनी, म्हणजे आमच्या सासऱ्यांनी, त्याला तिथेच थांबवलं. "माणूस आहे तो. मिर्झा आहे. लागली काय?" पोरगा गोंधळला आणि म्हणाला, "लागले." त्यावर सगळे हसले, कारण 'मिर्झा गालिब लागले' म्हणजे त्यांना कुठेतरी ठेच लागल्यासारखं. शेवटी अब्बांनीच तोड काढली. 'मिर्झा गालिब ही मालिका लागली.' वर्तमानपत्रं हेच करतात. 'अमुक या मालिकेत', 'तमुक ही मालिका'. नाव बाजूला अदबीनं बसवायचं आणि लिंग, वचन, विभक्ती यांचं सगळं ओझं 'मालिका' या हमालाच्या डोक्यावर द्यायचं. छापायला हे उत्तम. पण रात्री नऊ वाजता, भाकरी तव्यावर असताना, कोण म्हणणार 'होणार सून मी ह्या घरची ही मालिका लागली का गं'?

त्यात विभक्तीची गंमत निराळी. 'वादळवाट' होती तेव्हा आई 'वादळवाटेत काय झालं' असं विचारत. वाट, वाटेत. आपल्या परसातली वाट असावी तशी. शहरात राहणारी आमची नणंद 'वादळवाटमध्ये' म्हणायची. जे नाव घरचं झालं त्याचं रूप बदलायला आपण कचरत नाही, जे परकं वाटतं ते काचेच्या भांड्यासारखं न हलवता उचलतो. माणसांच्या नावांतही हे आहे. आमच्याकडची जुनी माणसं 'फातमेला बोलाव' म्हणत, आता 'फातिमाला'. नाव शुद्ध झालं, सामान्यरूप गेलं. यात बरं काय नि वाईट काय, आम्हा दोघींचं एकमत नाही.

वाक्यासारख्या नावांत मात्र रूप बदललं की घोटाळाच. 'माझ्या नवऱ्याची बायको' पाहा. '‘माझ्या नवऱ्याची बायको’ला किती वाजलेत' म्हटलं तर ती मालिका. 'माझ्या नवऱ्याच्या बायकोला' म्हटलं तर ती बाई, म्हणजे बोलणारी स्वतः, किंवा अल्लाह न करो, दुसरी कुणी. फरक केवढा? 'ची'चं 'च्या' झालं, एवढाच. नावाच्या पोटातला शब्द हलला की नाव मरतं आणि वाक्य जिवंत होतं. आमचे मधले दीर कुवेतला असतात. ही मालिका जोरात चालू असताना त्यांनी एकदा फोनवर त्यांच्याच बायकोला विचारलं, काय चाललंय, तर ती म्हणाली, "काही नाही, माझ्या नवऱ्याची बायको बघत बसलेय." तिकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "आरशात?"

'होणार सून मी ह्या घरची' मध्ये तर 'मी' आहे. पण ती संपली तेव्हा आपण 'मी संपले' म्हटलं नाही, 'संपली' म्हटलं. नावात शिरलेला 'मी' कुणाचाच राहत नाही. आणि 'रात्रीस', 'चाले' ही रूपं, जी आता बोलण्यात कुणी वापरत नाही, ती एका जुन्या चित्रपटगीतातून उचलून नावात ठेवली गेली आणि शाळेतली पोरंही ती बिनचूक म्हणू लागली. सिंधुदुर्गातली गोष्ट, मालवणी बोलणारी माणसं, आणि नाव असं जुन्या वळणाचं. नावं म्हणजे लोणच्याच्या बरण्याच.

लांब नावं रोज पूर्ण कोण म्हणणार? म्हणून ती तुटतात. 'क्योंकि सास भी कभी बहू थी' चं झालं 'क्योंकि'. एक उभयान्वयी अव्यय, ज्याला ना लिंग ना वचन, ते नाम होऊन बसलं. "'क्योंकि' लागली का?" धाकटीला सासरी आल्यावर वाटलं होतं की आईंना हे समजावून सांगावं लागेल. तशी वेळच आली नाही. आईंना हा प्रकार मकतबपासून ठाऊक होता.

इथे अदब सांभाळून, फक्त भाषेपुरतं लिहितो. दोन गोष्टी एका तागडीत घालायच्या नाहीत, हे आईंनीच बजावलंय. कुरआन शरीफच्या तिसाव्या पाऱ्याला आपण 'अम्म' म्हणतो. तो त्याचा पहिला शब्द, अर्थ 'कशाविषयी'. दुसरा पारा 'सयकूल', म्हणजे 'म्हणतील'. एक प्रश्नाचा शब्द, एक क्रियापद, आणि दोन्ही नावं. सूरह अल-बकराचा अर्थ गाय आणि अन-नम्लचा मुंगी, हे माहीत असूनही वाचताना ते नावच असतं. आणि लिंगाचं पाहा. मुलीचा 'अम्म' पुरा झाला, असं आपण म्हणतो, कारण मनात पारा आहे. यासीन मात्र पढून झाली, कारण मनात सूरह आहे. ज्यांनी शाळेचं तोंड जेमतेम पाहिलं त्या आई हे सत्तर वर्षं बिनचूक बोलत आल्या आहेत.

छापताना आपण नावाला अवतरणचिन्हं घालतो. इंग्रजीत मोठी अक्षरं असतात, देवनागरीत ती नाहीत, उर्दूतही नाहीत. पण धाकटीनं एक छान गोष्ट दाखवली. उर्दू पुस्तकात शायराच्या तखल्लुसवर एक छोटी खूण काढतात, पंख पसरलेल्या पाखरासारखी. 'गालिब' या शब्दाचा अर्थ वरचढ, प्रबळ. ती खूण असली की समजायचं, इथे अर्थ नको, माणूस हवा. बोलताना असं पाखरू कुठून आणणार? ते काम आवाज करतो. 'आई कुठे काय करते' हे नाव म्हणून म्हणताना आपण ते एका दमात, सपाट म्हणतो. प्रश्न म्हणून म्हणायचं तर 'कुठे'वर थांबावं लागतं.

ते थांबणं आम्ही एकदा ऐकलं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या या किनाऱ्यावर आलं. सकाळपासून वारा होताच, दुपारी छपरावरचे पत्रे पतंगासारखे गेले. वाडीत सुपारीची झाडं एकामागून एक अशी मोडत होती की मोजणं सोडून दिलं. सुपारीचं झाड लावल्यापासून उत्पन्न द्यायला वर्षं घेतं, आणि जायला एक दुपार पुरते. वीज गेली ती कित्येक आठवडे आलीच नाही. मोबाइलचे टॉवर पडले. कुवेतला दीर, त्यांना इथलं काही कळेना, आम्हाला तिकडे काही कळवता येईना. त्यात टाळेबंदी, विमानं बंद.

कितव्या तरी दिवशी आमचा एक मुलगा फोन घेऊन म्हसळ्याच्या बाजूला, जिथे रेंज येते असं कुणीतरी सांगितलं होतं, तिथवर गेला, आणि फोन लागला. दिरांनी सलामसुद्धा केला नाही. एकदम म्हणाले, "आई कुठे? काय करते?"

मुलगा सांगतो, की ते शब्द ऐकताच त्याला आधी हसू आलं. सहाच महिन्यांपूर्वी सुरू झालेली मालिका, घरात दिवसातून दहा वेळा घेतलं जाणारं नाव. आणि मग 'कुठे'नंतरचं ते थांबणं त्याच्या लक्षात आलं आणि हसू तिथेच विरलं. "आजी बरी आहे," तो म्हणाला. "पडलेल्या सुपाऱ्या गोळा करते." खरंच करत होत्या. कच्च्या, हिरव्या, कसल्याही. आम्ही म्हणत होतो, आई, ठेवा ते, तर म्हणाल्या, हात रिकामे ठेवून बसू कुठे?

त्यानंतर कितीतरी दिवस ते नाव कुणी सहज उच्चारलं नाही. वीज आली, मालिका पुन्हा सुरू झाली, तेव्हा आई एवढंच म्हणाल्या, "ती 'आई' लावा."

आता ज्या गोष्टीमुळे हे लिहायला बसलो ती. धाकटीची मुलगी नववीत आहे. तिनं 'माझी आजी' या विषयावर निबंध लिहिला. त्यात एक वाक्य होतं, 'घरोघरी मातीच्या चुली लागल्या की आजी जपमाळ बाजूला ठेवते.' जपमाळ हा शब्द तिचाच, आम्ही तस्बीह म्हणतो, पण वाचणाऱ्याला कळावं म्हणून तिनं तो घातला. वही परत आली तेव्हा 'लागल्या'खाली लाल रेघ होती आणि शेजारी शेरा, 'घरच्या बोलीचा परिणाम. शुद्ध लिहा.'

लाल रेघेबद्दल आमचं काही म्हणणं नाही. निबंधात 'ही मालिका लागली' असंच हवं, तिथे हमाल हवाच. पण शेरा आम्हाला टोचला. कुणाच्या घरची बोली? हा प्रश्न आम्ही ओळखतो. खोल्यांत उतरणारे पाहुणे, भले लोक, घरच्यासारखे वागतात, आणि नाश्त्याला बसले की कुणीतरी म्हणतंच, "तुम्ही मराठी किती छान बोलता!" आम्ही घावन वाढता वाढता हसतो. काय सांगायचं? की याच गावातला ताम्रपट, शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा, मराठीच्या सगळ्यांत जुन्या लेखांत मोजला जातो? की या मातीतली भाषा आम्ही दुसरीकडून आणलेली नाही? घावन थंड होतं, म्हणून आम्ही काही सांगत नाही.

पण मुलीच्या वहीतला शेरा म्हणजे घावन नव्हे. ती दोन दिवस गप्प होती. मग तिनं विचारलं, "अम्मी, आपण घरी उर्दू बोलतो म्हणून माझं चुकतं का?" त्यावर धाकटी, जिचं सगळं शिक्षण उर्दूत झालं, तिनं तिला समोर बसवलं आणि म्हणाली, उर्दूचा परिणाम असता तर तू 'लागल्या' लिहिलंच नसतंस. उर्दूत ड्रामा लगा, संपला विषय. चुली अनेक आहेत आणि स्त्रीलिंगी आहेत म्हणून क्रियापदानं 'लागल्या' व्हायचं, हे तुझ्या आजीचं मराठी आहे. नाव झालं तरी तिला शब्दाचं लिंग-वचन सोडवत नाही. चूक झाली असेल तर ती मराठी जास्त झाल्याची.

पालकांच्या भेटीच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. भांडायला नाही. थोरलीनं बाईंना दिवेआगर आणि मुंबईचं उदाहरण दिलं, धाकटीनं ड्रामाचं. बाई ऐकत होत्या. मध्येच त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाई 'ठरलं तर मग लागलं' म्हणतात." 'ठरलं' आहे म्हणून 'लागलं', हे त्यांचं त्यांनाच बोलता बोलता उमगलं, आणि त्या थोड्या लाजल्या. वही घेतली. शेऱ्यातले पहिले तीन शब्द खोडले. 'शुद्ध लिहा' तसंच ठेवलं.

मुलीनं निबंध पुन्हा लिहिला. स्वतःचं वाक्य तिनं 'ही मालिका लागली' असं केलं. पण खाली आजीच्या तोंडी एक ओळ वाढवली, अवतरणचिन्हांत: "पोरी, मातीच्या चुली लागल्या, ये लवकर." त्या ओळीखाली या वेळी रेघ नव्हती.